गुरुवारची गावभेट

आदगोंडा मगदूमनं बत्तीस वर्षांच्या नोकरीत एकोणीस निरीक्षक पाहिले आणि एकोणिसांचीही परीक्षा एकाच गोष्टीवरून केली. सूर्य मावळायच्या आत हा साहेब आपल्याला जेवू देतो की नाही, एवढंच तो बघायचा.

हसू नका. वारणाकाठच्या जैन शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला दिवसाउजेडी जेवायची सवय आईच्या मांडीवर लागते, आणि पोलीस खात्याला तर दिवस कधी मावळला याचा पत्ताच नसतो. सांगलीच्या भरतीत त्याची छाती अर्धा सेंटिमीटर कमी भरली. साताऱ्याच्या भरतीत टेप धरणारा हवालदार जरा मायाळू निघाला आणि आदगोंडा सातारा जिल्ह्याचा पोलीस शिपाई झाला. तेव्हापासून चंदनबाला, त्याची बायको, रोज दोन डबे बांधून देत आली. एक दुपारचा, एक सूर्यास्ताआधीचा. दुसरा डबा कितीदा तरी भरलेलाच घरी यायचा. मग हा गडी नुसता पाय धुऊन आडवा व्हायचा आणि चंदनबाला डब्यातली भाकरी सकाळी गाईला घालायची.

रहिमतपूरला एक वयस्कर निरीक्षक होते. संध्याकाळी सहा वाजले की स्वतः बाहेर येऊन ठाणे अंमलदाराच्या खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, "ऊठ मगदूम, तुझा सूर्य चालला." हे साहेब पहिल्या नंबरात पास. दुसऱ्या एका ठाण्यातला साहेब बरोबर त्याच वेळेला त्याच्या हातात टपाल द्यायचा आणि खिडकीतून बघत बसायचा. तो नापास. म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाच्या बंदोबस्तात त्यानं गुलालानं लाल झालेल्या दशम्या उभ्याउभ्या खाल्ल्या, पण त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. शिपायाचा नाईक झाला, नाईकाचा हवालदार, हवालदाराचा सहायक फौजदार. त्याच्या वर फौजदार, त्यांच्या वर निरीक्षक, मग डीवायएसपी, मग एसपी, आणि त्यांच्याही वर साताऱ्यातून न दिसणारी माणसं. या शिडीबद्दल तो एकच गोष्ट नीट शिकला होता. हुकूम खाली येतो तो तोंडी येतो, आणि कागद वर जातो तो लेखी जातो.

त्याच्या शेवटच्या ठाण्याचं नाव मी सांगत नाही. एकाला नाव ठेवून बाकीच्यांना मोकळं सोडायची माझी इच्छा नाही. तिथल्या निरीक्षक राजेश्वरी खराडे म्हणजे त्याचा एकोणिसावा साहेब. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाला विचारलं, तुमची अडचण काय. आदगोंडानं लाजत सांगितलं. मॅडमनी ताबडतोब ड्यूटी लावणाऱ्या हजेरी मास्तरला बोलावून बजावलं, "मगदूमना संध्याकाळी अर्धा तास कुणी हाक मारायची नाही." त्या रात्री चंदनबालेला दोन्ही डबे रिकामे मिळाले. तो म्हणाला, "बाई लय चांगली हाय." ती तशी होतीही, आणि म्हणून तर पुढचं सगळं अवघड झालं.

आदगोंडाकडे सात गावांचं बीट होतं. त्यातल्या भाटमाळवाडीच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पिवळ्या रंगात पाटी रंगवलेली होती. 'बीट अंमलदार स.फौ. मगदूम. गावभेट दर गुरुवारी ११ ते १.' पाटी सुरेख होती. अडचण एवढीच, की गुरुवार आला की जिल्ह्यात कुठंतरी कुणाचा तरी दौरा निघायचा, कुठं मोर्चा, कुठं यात्रा. हजेरी मास्तरचा फोन यायचा आणि आदगोंडा गाडीत बसायचा. वर्षाच्या बावन्न गुरुवारांपैकी तो वीसेक गुरुवारी भाटमाळवाडीला पोचला असेल. याला मी कामचुकारपणा म्हणणार नाही. माणसं कमी आणि मंत्री फार, असा तो मामला होता.

जूनमधल्या तिसऱ्या गुरुवारीही असंच झालं. बंदोबस्ताच्या यादीत दुसऱ्या हवालदाराचं नाव होतं, पण त्याच्या मेहुण्याचं लग्न निघालं. हजेरी मास्तर म्हणाला, "मगदूम, तेच्या जागी हुबा ऱ्हावा, यादी बदलत बसत न्हाई." आदगोंडा भाटमाळवाडीपासून चाळीस किलोमीटरवर एका चौकात सकाळी नऊपासून उभा राहिला. मंत्री दुसऱ्याच रस्त्यानं गेला. दीड वाजता आदगोंडानं चौकातल्या लिंबाखाली बसून डबा खाल्ला आणि तो दिवस विसरून गेला.

ऑगस्टात ठाण्याची वार्षिक तपासणी लागली. एसपी साहेब स्वतः येणार म्हटल्यावर ठाण्याला चुना लागला, झाडांच्या बुंध्यांना गेरू लागला, ज्यांचे बूट फाटले होते त्यांनी उसने आणले. मॅडमनी पाचही बीटच्या अंमलदारांना बोलावलं. टेबलावर गावभेटीची पुस्तकं होती आणि त्यात कोरी पानं होती.

"शेजारच्या ठाण्यात अशीच पानं निघाली," मॅडम म्हणाल्या. "तिथल्या साहेबांची तीन दिवसांत बदली झाली. मला एकही कोरं पान दिसता कामा नये."

आदगोंडानं विचारलं, "मॅडम, बंदोबस्तापायी जाणं झालं न्हाई, त्या गुरुवारचं काय लिवायचं?"

मॅडमनी घड्याळाकडं पाहिलं. "ते मला विचारू नका. पुस्तकं पूर्ण करा."

पाचही जणांनी त्या दुपारी पुस्तकं पूर्ण केली. या कामाचीही एक रीत असते आणि ती कुठल्या प्रशिक्षण केंद्रात शिकवत नाहीत. तीन पेनं घ्यायची, एक निळं, एक काळं, एक जरा आटलेलं. मधूनच पान दुमडायचं. एखाद्या पानावर चहाच्या कपाचा गोल उमटवायचा. आदगोंडाचं अक्षर चांगलं होतं. त्यानं सात गावांचे सहा महिने तीन तासांत लिहून काढले, आणि प्रत्येक पानावर तेच एक वाक्य आलं: 'ग्रामस्थांना भेटलो. गावात शांतता. विशेष काही नाही.' जूनमधला तिसरा गुरुवार त्यात कधी येऊन गेला, हे त्याच्या हाताला कळलंसुद्धा नाही. एसपी साहेबांनी पुस्तकं चाळली, शेरा दिला, 'अभिलेख उत्तम', आणि मॅडमच्या चेहऱ्यावर महिन्याभरानं हसू आलं.

आता भाटमाळवाडीत त्या गुरुवारी काय झालं ते सांगतो.

तिथं भाऊसो नावाचा मोठा ऊसवाला बागायतदार राहतो. त्याचा मुलगा फौजेत, राजस्थानात. सून अपेक्षा, माहेर मिरजेजवळचं. पोरगी पळण्यात तरबेज. तिनं पोलीस भरतीचा फॉर्म भरला आणि पहाटे कॅनॉलच्या रस्त्यानं पळायला लागली. घरची सून हाफ पँटीत पळते, हे भाऊसोच्या डोक्यात गेलं. आधी बोलणी झाली, मग मारहाण, मग त्यानं तिचा फोन काढून घेतला आणि भरतीचं प्रवेशपत्र चुलीत घातलं. त्या गुरुवारी कपाळावर खोक पडलेली अपेक्षा घरातून निसटली आणि ग्रामपंचायतीच्या पाटीखाली जाऊन बसली. पाटीवर वेळ लिहिली होती. तिला पोलिसांच्या वेळेवर फार भरवसा होता, तिला स्वतःलाच पोलीस व्हायचं होतं ना. अकराला बसली, एक वाजता उठली आणि दुसरं कुठं जायला नव्हतं म्हणून घरी गेली. शनिवारी ती माडीवरून खाली पडली. भाऊसो म्हणाला, पाय घसरला. तिच्या कमरेचं हाड आणि मणका मोडला. तिची आई साळूबाई तिला मिरजेच्या एका दवाखान्यात घेऊन गेली. पोरगी जवळजवळ दोन महिने कुणाशी बोललीच नाही. ऑगस्टच्या मध्यावर बोलली ती एवढंच, की सासऱ्यानं ढकललं, आणि दोन दिवस आधी मी पोलिसांची वाट बघत बसले होते.

साळूबाईनं फिर्याद दिली आणि भाऊसोवर गुन्हा दाखल झाला. भाऊसोचा वकील हुशार. त्यानं माहितीच्या अधिकारात गावभेट पुस्तकाची नक्कल काढली आणि जामिनाच्या अर्जाला जोडली. त्याचं म्हणणं असं, की त्या दिवशी पोलीस अकरा ते एक गावातच होते, गावात शांतता होती, बाई कुणी बसलेली नव्हती. तेव्हा जी बाई गुरुवारबद्दल खोटं बोलते ती शनिवारबद्दल खरं कशावरून बोलत असेल? ठाण्याचंच पुस्तक पुढं आल्यामुळे तपास डीवायएसपी साहेबांकडे गेला. त्यांनी निरोप धाडला, मगदूमचा जबाब मंगळवारी घेणार.

आदगोंडानं ती नक्कल पाहिली. अक्षर त्याचंच होतं, चांगलं वळणदार. तिच्याविरुद्धचा सगळ्यात मोठा साक्षीदार तो स्वतः होता.

मॅडमनी त्याला आत बोलावून दार लावलं. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. "पुस्तकात आहे तेच सांगा," म्हणाल्या. "तुम्ही वेगळं काही सांगितलंत तर बाकीच्या चौघांची पुस्तकं उघडतील. चौघांचीही लेकरं शिकतायत. तुमचे सात महिने राहिलेत. चौकशी लागली तर पेन्शन अडकेल, तुम्हाला माहीत आहे." मग त्यांनी विचारलं, "मगदूम, मी तुम्हाला खोटं लिहा म्हटलं होतं का?"

"न्हाई, मॅडम."

आणि ते खरं होतं. त्यांनी तसं म्हटलंच नव्हतं. एसपी साहेबांनीही त्यांना तसं म्हटलं नसणार, आणि एसपी साहेबांना वरच्यांनी. एवढ्या मोठ्या खात्यात खोटं लिहा असं कुणीच कुणाला म्हटलेलं नव्हतं, तरी पुस्तकं भरली होती. आदगोंडाला या गोष्टीचा राग आला आणि तो कुणावर काढावा हे कळेना, म्हणून त्यानं तो घरी बायकोवर काढला. भाजीत मीठ नाही म्हणाला.

चंदनबालेनं मीठ आणून ठेवलं आणि समोर बसली. "आवं, ती पोरगी तिथं बसली हुती का?"

"व्हय."

"आन तुमी?"

"चौकात हुतो. मंत्री येणार हुता."

"आला का?"

"न्हाई. दुसऱ्या वाटंनं गेला."

तिनं मिठाचं भांडं झाकलं. मग म्हणाली, "त्या दिवशी बंदोबस्त असूनबी दुपारचा डबा रिकामा आला हुता. मला बरं वाटलं हुतं." आणि उठून भांडी घासायला गेली. आदगोंडाला ते वाक्य मॅडमच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

भाद्रपदातलं दशलक्षण पर्व चालू होतं. दहा दिवसांचं हे व्रत अनंत चतुर्दशीच्या उपवासानं संपतं, आणि त्याच दिवशी गणपती विसर्जन असतं. म्हणजे गेली बत्तीस वर्षं आदगोंडानं हा उपवास देवळात केला नव्हता, मिरवणुकीत उभं राहून केला होता. यंदाही शनिवारी दुपारपासून तो दोरी धरून उभा होता. ढोलांनी छाती हादरत होती. पाचच्या सुमाराला मॅडम गर्दीतून वाट काढत आल्या, मागून एकानं प्लास्टिकची खुर्ची आणली. "बसा मगदूम. उपाशी माणसानं एवढं उभं राहू नये." स्वतः त्यांनी त्याच्या हातातली दोरी घेतली आणि वीस मिनिटं धरून उभ्या राहिल्या. कुठला निरीक्षक हे करतो? खुर्चीत बसल्याबसल्या आदगोंडानं ठरवून टाकलं की या बाईला बुडवायचं नाही. पुस्तकात आहे तेच सांगायचं.

एक दिवस सोडून क्षमावाणी होती. त्या दिवशी जैन माणूस हात जोडून सगळ्यांची क्षमा मागतो, वर्षभरात काही चुकलं असेल तर माफ करा म्हणतो. आदगोंडाही दरवर्षी ठाण्यात सगळ्यांपुढं हात जोडायचा, आणि सगळे हसून म्हणायचे, तुमी काय चुकणार मगदूम. यंदा त्यानं चंदनबालेला म्हटलं, "चल, मिरजेला जाऊ." सोमवारी सकाळीच दोघं एसटीनं निघाली. त्याच्या मनातला बेत मी झाकून ठेवत नाही. पोरीपुढं हात जोडायचे, मन हलकं करायचं आणि मंगळवारी जाऊन पुस्तकातलं वाचून दाखवायचं. सज्जन माणसं अशीही लबाडी करतात, आणि देवाच्या नावानं करतात म्हणून ती त्यांना लबाडी वाटत नाही.

दवाखान्यात साळूबाई दारातच आडवी आली. "तुमीच का त्ये पोलीस?" चंदनबालेनं तिचे हात धरले आणि दोघी तिथंच उभ्या राहिल्या. आदगोंडा एकटा आत गेला. अपेक्षा उताणी पडली होती, कमरेला पट्टा. वय तेवीस असेल. तिनं मान वळवली नाही, फक्त डोळे वळवले.

तो हात जोडून म्हणाला, "पोरी, मी मगदूम. त्या गुरुवारी मी आलो न्हाई. आज आमच्यात क्षमा मागायचा दिवस असतोय. मला माफ कर."

ती त्याच्याकडं बघत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "तुमी आला न्हाई, ह्ये मला म्हाईत हाय. मी तिथंच हुते की. ज्येला म्हाईत न्हाई त्येला जाऊन सांगा."

"पोरी..."

"मला कशाला सांगताय?" आता तिचा आवाज फाटला. "मला कशाला सांगताय वो!"

नर्स आत आली आणि त्याला बाहेर जायला सांगितलं. परतीच्या एसटीत त्यानं कऱ्हाडपर्यंत तोंड उघडलं नाही. चंदनबालेनं साडेपाचला डबा उघडून पुढं धरला, तर त्यानं तो पुन्हा मिटला. त्याला स्वतःची लाज वाटत होती. हात जोडायला तो सत्तर-ऐंशी किलोमीटर गेला होता, आणि जिथं तोंड उघडायचं होतं ती डीवायएसपी साहेबांची कचेरी त्याच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होती.

मंगळवारी सकाळी तो आधी मॅडमच्या दारात गेला आणि सॅल्यूट करून म्हणाला, "मॅडम, मी खरं सांगणार हाय. तुमाला आधी सांगितल्याबगार जाऊ वाटंना."

मॅडमनी मान वर करून पाहिलं. "ठीक आहे," एवढंच म्हणाल्या आणि समोरच्या फाइलीत मान घातली.

डीवायएसपी साहेबांचा रायटर जबाब लिहायला बसला, तर आदगोंडानं कागद मागून घेतला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं. त्या गुरुवारी मी भाटमाळवाडीला गेलो नव्हतो. अमुक चौकात दुसऱ्याच्या जागी बंदोबस्ताला होतो. नोंद मी ऑगस्टात, तपासणीच्या आधी, ठाण्यात बसून केली. ती खोटी आहे.

साहेबांनी वाचलं आणि विचारलं, "कुणाच्या सांगण्यावरून केली?"

"पुस्तकं पूर्ण करा, असा हुकूम हुता साहेब. खोटी करा असं कुणी म्हटलं न्हाई. आमाला दुसरी कशी करायची ते ठावं नव्हतं."

साहेबांनी कागद खाली ठेवला. त्यांनीही कधीकाळी ठाणं चालवलेलं होतं. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "हे शेवटचं वाक्य नको लिहायला."

पुढचं भराभर झालं. भाऊसोचा जामीन फेटाळला गेला. बाकीच्या चार अंमलदारांनी जबाब दिले, आमच्या भेटी खऱ्या आहेत. बंदोबस्ताच्या यादीत ज्याचं नाव होतं त्यानं सांगितलं, चौकात मीच उभा होतो. मॅडमनी लेखी कळवलं की अभिलेख पूर्ण ठेवण्याच्या नियमित सूचना दिल्या होत्या, मगदूम यांचं कृत्य वैयक्तिक आहे. तपासणीचा शेरा 'अभिलेख उत्तम' तसाच राहिला. आणि शुक्रवारी आदगोंडाच्या हातात निलंबनाचा आदेश पडला, जावक क्रमांक, तारीख, गोल शिक्का, खाली एसपी साहेबांची सही. त्यानं तो दोनदा वाचला. बत्तीस वर्षांत वरून त्याच्या एकट्याच्या नावानं खाली आलेला हा पहिलाच हुकूम, जो लेखी होता.

निलंबित माणसाला साताऱ्याच्या मुख्यालयात रोज हजेरी द्यावी लागते. कालपर्यंत चहा पाजणारे रस्ता बदलून जायला लागले. त्यातल्या एकानं मात्र गाठून सांगितलं, "मगदूम, तू खरं सांगून सुटलास गड्या, आमाला कशाला नागडं केलंस?" संध्याकाळी मोकळा वेळच वेळ होता, सूर्यास्ताच्या कितीतरी आधी ताट समोर यायचं, आणि घास उतरत नव्हता. चंदनबाला समोर बसायची आणि मिठाबद्दल विचारायची.

दुसऱ्या आठवड्यात त्यानं मुख्यालय सोडायच्या परवानगीचा अर्ज केला. दिवस गुरुवार, कारण 'रुग्णास भेट'. परवानगी मिळाली. पहाटेची एसटी धरून तो मिरजेला पोचला तेव्हा दवाखान्याच्या घड्याळात अकराला पाच कमी होते. साळूबाईनं या वेळी वाट अडवली नाही.

अपेक्षानं त्याला पाहिलं. अंगात वर्दी नव्हती, तरी ओळखलं. तिनं घड्याळाकडं बघितलं, मग पुन्हा त्याच्याकडं.

"सांगितलंसा म्हणं."

"व्हय."

"नोकरी गेली?"

"अजून न्हाई. जाईल."

ती माफ केलं म्हणाली नाही, आणि त्यानंही या वेळी हात जोडले नाहीत. खाटेशेजारी एक लोखंडी स्टूल होतं, ते तिनं बोटानं दाखवलं.

"मी एक वाजस्तवर बसले हुते," ती म्हणाली. "तुमीबी बसा."

आदगोंडा बसला. तिनं डोळे मिटले. बाहेर दुपारच्या जेवणाची गाडी फिरून गेली, साळूबाईनं पाणी आणून ठेवलं, ते त्यानं घेतलं नाही. तो एक वाजेपर्यंत तिथून हलला नाही.